पाटनच्या पुढचा रस्ता

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, मुलीजवळ नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता सांगून कोणाचंच काही भरून येणार नाही, म्हणून जीभ सैल झाली असेल — तसं असेल तर तेही शोभणारं नाही, मला कळतं.

गोष्ट सुरू होते ती अगदी साध्या खरेदीपासून. गाडीसाठी जीपीएस घ्यायचं होतं. तेव्हा फोनवर नकाशा पाहायची सवय लोकांना लागलेली नव्हती; काचेला चिकटवायचं यंत्र वेगळं विकत घ्यावं लागायचं. मी नुकतीच पहिली गाडी घेतली होती. बढती मिळून साहेब झालो होतो, आमच्या घरातला पहिलाच. वडील मी दहा वर्षांचा असताना गेले. शहरातल्या अधारताल भागातल्या घरात आई, मी, बायको, मुलगी — आणि काकाजी.

काकाजी म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेले तेव्हा त्यांचं लग्न ठरत होतं. ते त्यांनी मोडलं आणि पुन्हा कधी विषय काढू दिला नाही. तीस वर्षं त्यांनी सरकारी जीप चालवली. पाटन, कटंगी, शहपुरा — कोणत्या गावाला पावसाळ्यात कुठून शिरायचं, कोणता रपटा, म्हणजे नदीवरचा बुटका पूल, आधी बुडतो, कुठल्या वळणावर गुरं बसतात, सगळं तोंडपाठ. गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं. आई कुठेही जायचं म्हटलं की आधी त्यांना विचारायची — भाऊजी, कोणत्या रस्त्यानं जावं?

आणि मला त्यांची लाज वाटायची.

बघा, म्हणायला इतकी वर्षं लागली आणि वाक्य तर एवढंसंच आहे. आमच्या ऑफिसातले जुने लोक त्यांना ओळखत. चारचौघांत विचारत, ‘ड्रायव्हर साहब कैसे हैं?’ मी ‘ठीक हैं’ म्हणून फायलीत डोकं घालायचो. गाडीत ते शेजारी बसले की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबल्यासारखा खाली जायचा. ‘गेअर उतरव, अनिल,’ हळूच म्हणायचे. यात चिडण्यासारखं काय होतं? काही नव्हतं. मी चिडायचो. जीपीएस मला रस्ता सापडावा म्हणून नकोच होतं — त्यांना रस्ता विचारावा लागू नये म्हणून हवं होतं.

नेपियर टाउनमधल्या दुकानात मी एकटाच जाणार होतो, पण ते चप्पल घालून तयारच होते. दुकानदारानं दोन यंत्रं काढून ठेवली. एक लहान, जाड, दिसायला एखाद्या जुन्या कॅल्क्युलेटरसारखं, हिंदीत बोलणारं. दुसरं मोठ्या पडद्याचं, चकचकीत, इंग्रजीत बोलणाऱ्या बाईच्या आवाजाचं. तसंच आमच्या वरच्या साहेबांच्या गाडीत होतं. काकाजींनी चष्मा पुसला आणि दुकानदाराला मावशीच्या गावाचं नाव सांगितलं. लहान यंत्रानं पाटनच्या पुढे उजवीकडे वळून हिरन नदीचा रपटा दाखवला. मोठ्या यंत्रात तो रस्ताच नव्हता; गावाला जाणारी रेघ नहराच्या, म्हणजे कालव्याच्या बाजूनं लांबून गेली होती. काकाजी हसले. दुकानदारानं मला स्वच्छ सांगितलं, ‘साहब, देहात जाना हो तो छोटा वाला लीजिए. बड़े वाले का पाटन के आगे भरोसा मत करना.’

मी मोठं घेतलं. सांगितलेलं ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय मला नाही.

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. त्या दोघींची आई लवकर गेली, तेव्हा आईला मावशीनंच वाढवलं. मावशीचे यजमान पाटनच्या पुढच्या त्या गावी शाळेत मास्तर होते. तिथेच घर बांधून राहिले. जीपीएस घेऊन दोन महिने झाले असतील. एका सकाळी मावसबहिणीचा, सुनंदाचा फोन आला. मावशीचं आता खरं नाही, पण शुद्धीवर आहे आणि आईला बोलावून राहिली आहे.

नऊ वाजता निघालो. आईला गाडी लागायची, म्हणून उलटीची गोळी घेऊन ती मागच्या सीटवर आडवी झाली. त्या गोळीनं तिला गाढ झोप यायची. काकाजी माझ्या शेजारी. पाटन मागे पडलं, आणि तो फाटा आला.

‘उजवीकडं घे,’ काकाजी म्हणाले. ‘रपट्यावरून वीस मिनटात पोचतो.’

यंत्रातली बाई म्हणाली, सरळ.

त्या दिवशी रपट्यावर पाणी नव्हतं. रस्ता खराब नव्हता. समोरून एक ट्रॅक्टर त्याच बाजूनं येताना मला दिसलासुद्धा. मग मी सरळ का गेलो? दुकानातलं ते हसणं माझ्या मनात होतं — एवढंच. ते यंत्र चुकीचं ठरायला नको होतं, म्हणजे खरं तर मला त्यांच्यापुढे हरायचं नव्हतं. थोडं पुढे गेल्यावर ते पुन्हा म्हणाले, परत फिर, हा नहराचा रस्ता आहे, पुढं तुटला आहे. मी आवाज दाबून, आई जागी होऊ नये म्हणून दात आवळून बोललो —

‘तुमच्या जीपचा जमाना गेला आता, काकाजी.’

ते खिडकीबाहेर पाहू लागले.

कच्च्या रस्त्यावरून तासभर गेलो. एका बाजूला नहर, दुसऱ्या बाजूला मटारची शेतं, विचारायला माणूस नाही, फोनला रेंज नाही. बाई सरळच म्हणत राहिली. मग रस्ता संपला. वळला नाही, अरुंद झाला नाही — समोर खचून गेलेला होता, आणि खाली पाणी. मी ब्रेक मारला. धक्क्यानं मागे आईची हालचाल जाणवली. आणि मी काय केलं? सर्वांत आधी हात लांब करून ते यंत्र काचेवरून काढलं आणि समोरच्या कप्प्यात टाकलं. इतक्या चपळाईनं की आजही मला त्या हाताची किळस येते.

आई उठून बसली. ‘कुठी आलो? पोचलो का?’

‘रस्ता चुकला, आई,’ मी म्हणालो. ‘काकाजी सरळ म्हणाले.’

ते माझ्याजवळ हातभर अंतरावर बसलेले होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. लहान मुलानं भलतंच काही तोंडातून काढलं की मोठं माणूस पाहतं तसं, थोडं थांबून. मी वाट पाहत होतो की ते आता बोलतील. ते दार उघडून खाली उतरले. गाडी वळवायला जागा नव्हती. ते मागे गेले, नहराच्या अगदी काठाशी उभे राहिले आणि एक-एक वीत गाडी मागे घ्यायला हातानं खुणा करू लागले. थोडं घे. थांब. आता स्टिअरिंग काप. आरशात मला त्यांचा हात दिसत होता. त्या हाताच्या भरवशावर मी गाडी वळवली.

पोचलो तेव्हा एक वाजत आला होता. मावशी पाऊण तासापूर्वी गेली होती. सुनंदा आईच्या गळ्यात पडून सांगत होती — सकाळपासून खाट दाराकडं करायला लावली, तुझंच नाव घेऊन, शांता आली का म्हणून विचारून राहिली होती. मग तिनं मला विचारलं, ‘दादा, इतका उशीर काहून झाला?’

उत्तर मला द्यावं लागलं नाही. आईनंच दिलं. ‘भाऊजी रस्ता भुलले,’ ती म्हणाली. काकाजी अंगणात जोडे काढत होते. त्यांनी ऐकलं.

आईनं त्यांना कधी दोष दिला नाही. जेवायला वाढायची, दुखलंखुपलं पाहायची. फक्त रस्ता विचारणं थांबवलं. मग इतर गोष्टीही विचारणं थांबवलं. आणि घरातल्यांच्या नजरेत एक शंका येऊन बसली. त्याआधीही ते कधी नळ सुरू ठेवायचे, कधी चष्मा विसरायचे — सत्तरीच्या माणसाचं असतं तसं. आता प्रत्येक वेळी बायको माझ्याकडे पाही. एक दिवस ती म्हणाली, यांना मोपेडवर एकटं जाऊ देणं बरं नाही, तीस वर्षांचा रस्ता भुलणारा माणूस. मी काय म्हणालो असेन? मी मोपेडची किल्ली मागून घेतली. त्यांनी खिशातून काढून दिली.

मला वाटत होतं की ते मला सांभाळून घेत आहेत. घरचा पोरगा, त्याची आईसमोर लाज राहावी म्हणून गप्प आहेत. असं वाटण्यात मला सोयच होती — म्हणजे निदान दोघांना तरी खरं माहीत होतं.

मग साताठ महिन्यांनी एका दुपारी व्हरांड्यात मी पेपर वाचत होतो. आई आत झोपली होती. काकाजी येऊन खुर्चीवर बसले. बराच वेळ तळव्यावर तळवा घासत राहिले.

‘अनिल,’ ते म्हणाले, ‘खरं सांगजो. त्या दिवशी मी सरळच म्हणलं होतं का रे? मले तं उजवीकडं आठवते.’

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. ते खरोखर विचारत होते. माझ्या एका वाक्यावर, आणि त्यानंतर घरातल्या चार जणांच्या वागण्यावर त्यांनी विश्वास ठेवला होता — स्वतःच्या आठवणीपेक्षा जास्त. व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो. ऐकणारं कोणी नव्हतं. ‘उजवीकडेच म्हणाले होते, काकाजी’ — एवढं म्हणायला किती वेळ लागतो? आईला सांगावं लागलं नसतं. कोणालाच कळलं नसतं. फक्त त्यांना त्यांचं डोकं परत मिळालं असतं.

‘सरळच म्हणाले होते,’ मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. ‘मंग गेलंच म्हणायचं हे,’ ते म्हणाले, आणि कपाळाला बोट लावलं. थोडे हसलेसुद्धा. पेपर माझ्या हातात तसाच होता. तो मी वाचू लागलो.

नहरावर बोललो ते घाबरून बोललो असं मी कधी कधी स्वतःला सांगतो. त्या दुपारचं काय सांगू? तेव्हा मला कसली भीती होती?

त्यानंतर ते घराबाहेर फारसे पडले नाहीत. चौकातल्या दुकानात जायचं तरी माझ्या मुलीला सोबत घ्यायचे. तिला विचारायचे, इथून वळायचं ना, बेटा? रस्ता त्यांना माहीत असायचा. मुलगी मला येऊन सांगायची — बाबा, काकाजी हर मोड़ पे पूछते हैं. मी म्हणायचो, वय झालं.

तीन वर्षांनी ते गेले. झोपेतच, पहाटे. सकाळी लोक जमले, बुद्धवंदनेला अजून वेळ होता. आई त्यांच्याजवळ जाऊन बसली. त्यांच्या अंगावरची पांढरी चादर तिनं नीट केली, हात जोडले आणि शांतपणे, मोठ्यानं म्हणाली — ‘भाऊजी, ताईची भेट चुकली त्याचं मी मनात ठेवलं होतं. आज सोडलं. मी तुम्हाले माफ केलं.’

सगळे ऐकत होते. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी त्यांच्या पायांशी उभा होतो.



आई त्यानंतर सहा वर्षं जगली. रोज सकाळी आम्ही दोघं समोरासमोर बसून चहा घ्यायचो. काकाजींचा विषय निघाला की ती म्हणायची, फार भला माणूस होता, शेवटी डोकं तेवढं राहिलं नाही. मी ‘हो’ म्हणायचो. ती गेली तेव्हाही तिला तेच ठाऊक होतं, जे मी सांगितलं होतं.