मुकुट ज्याचा त्यानेच उतरवायचा

कोल्हापूरहून एसटीत बसले तेव्हा पिशवीत व्याख्यानाचे अकरा कागद होते. विषय : 'थोर राजा कोणाला म्हणावं?' सोमवारी रत्नागिरीच्या एका वाचनालयात बोलायचं होतं. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय, उत्तर मला पाठच. पराक्रम, न्याय, महसूल, किल्ले. घ्या लिहून!

आंबा घाटात गाडी तापली. पाऊण तास आम्ही करवंदीच्या जाळीशेजारी ताटकळलो आणि मी कंडक्टरचा यथेच्छ उद्धार केला. घाट उतरल्यावर मात्र माती तांबडी झाली, माणसांच्या बोलण्याला हेल आला आणि माझा राग आपोआप निवळला.

लांज्याजवळच्या वाडीत माझी कॉलेजातली मैत्रीण सुमन राहते. तिने ओल्या काजूंची उसळ आणि तांदळाची भाकरी वाढली. जेवता जेवता तिला कागद वाचून दाखवायला गेले आणि सोलकढीची वाटी लवंडली, ती थेट महसुलावर.

"बरं झालं," सुमन म्हणाली. "चल, आमचा राजा दाखवते."

देवळाच्या मांडवात नमनाची (शिमग्याच्या सुमारास होणाऱ्या कोकणी लोकनाट्याची) तालीम चालली होती. राजा म्हणजे तात्या, सत्तरीचे शेतकरी. चाळीस शिमगे मुकुट त्यांच्याच डोक्यावर. पुतण्या दिनेश मुंबईत लिफ्ट दुरुस्त करतो. दरवर्षी रजा काढून येतो आणि प्रधान होतो.

सुमनने कानात सांगितलं, दोन वर्षं झाली, तात्यांना संवाद आठवत नाहीत, दिनेश सावरून घेतो; यंदा तर विसर फारच वाढलाय. दिनेशला राजाचा शब्द न् शब्द पाठ आहे. पण या मंडळींचा नेम असा, की मुकुटाला दुसऱ्याने हात लावायचा नाही. ज्याचा त्यानेच उतरवायचा. उतरवा म्हणून सुचवायचंही नाही. ही शेवटची तालीम. पुढे अख्ख्या गावासमोर खेळ. तिथे तात्या अडकले तर चाळीस वर्षांची शान एका घटकेत जाणार, म्हणून सगळी वाडी जीव मुठीत धरून बसलेली.

तात्या सिंहासनावर (प्लास्टिकची खुर्ची, वर शाल) बसले. काय तो रुबाब! दोन वाक्यं खणखणीत म्हणाले आणि थांबले. मृदंगवाला उगाच वाजवत राहिला.

दिनेश पुढे येऊन वाकला. "महाराजांच्या मनात असं आहे, की दुष्काळी गावांना आधी धान्य द्यावं, मग दरबार भरवावा."

"तेच आमच्या मनात आहे!" तात्या गरजले.

असं तीनदा झालं. चौथ्यांदा तात्यांनी मान वळवून दिनेशकडे बघितलं. मग त्यांनी दोन्ही हातांनी मुकुट उतरवला.

"काका, नाय हो," दिनेश पुटपुटला. "आणखी एक शिमगा."

"गप रे मेल्या. दोन वर्षं माज्या मनातलं तूच बोलतोस. मला काय कळत नाय?"

त्यांनी दिनेशची प्रधानाची पगडी काढून स्वतः घातली, मुकुट त्याच्या डोक्यावर ठेवला, त्याला खुर्चीत बसवलं आणि खुर्चीच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले. खुर्चीत बसलेल्या दिनेशला रडूच कोसळलं. सगळं पाठ असलेला माणूस, पण तोंडातून अक्षर फुटेना.

तात्या हळूच वाकले.

"महाराजांच्या मनात असं आहे," ते म्हणाले, "की दुष्काळी गावांना आधी धान्य द्यावं, मग दरबार भरवावा."

एक शब्द चुकला नाही. सुमन माझा हात घट्ट धरून रडत होती, आणि मीही.

सोमवारी महसुलाचं पान काही वाचता येईना, सगळी शाई पसरलेली. त्याऐवजी तात्यांची हकीकत सांगितली. एका गृहस्थांनी विचारलं, "बाई, मग यातला थोर राजा कोण? काका की पुतण्या?" तीस वर्षं उत्तरं देत आले, त्या दिवशी प्रश्नच लिहून घेतला.

परतताना घाटात गाडी पुन्हा तापली. या वेळी मी कंडक्टरला काही बोलले नाही. करवंदीपाशी दगडावर बसून राहिले. आजवर मी राजांना गुण दिले ते त्यांनी काय काय मिळवलं ते पाहून. मुकुट उतरवल्यावर ते कुठे जाऊन उभे राहिले, हे मी एकाही वर्गात विचारलं नव्हतं.