बाबांच्या कानातलं यंत्र

आत्या हसली की बाबा हसत होते, पण किंचित उशिरा, तिच्या तोंडाकडे बघून. त्यांना काहीच ऐकू येत नाहीये, हे मला जेवताना असं अचानक कळलं.

त्यांना आणखी चांगलं ऐकू यावं म्हणून त्यांच्या श्रवणयंत्राची सेटिंग्ज मी मोबाईलवरून सारखी बदलत असे. मी कानाशी जाऊन विचारलं, "पहिल्यांदा बसवलं तेव्हा नीट ऐकू यायचं ना?"

"हो. तसंच कर ना परत."

पण ती पहिली सेटिंग्ज मी जपलीच नव्हती. मला मान वर करवेना. ऑफिसात तर असं जपून ठेवणं हेच माझं काम. सॉफ्टवेअरची सगळ्यांनी तपासून मंजूर केलेली आवृत्ती, म्हणजे बेसलाइन, मी सांभाळते. काही बिघडलं तर परतायला ती जागा असते, म्हणून मंजुरीशिवाय तिला कुणी हात लावत नाही. घरी मात्र ज्यांचे कान, त्यांनाच मी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी श्रवणतज्ज्ञाकडून यंत्र नव्याने जुळवून घेतलं. बाबा "हं, हे बरोबर" म्हणाले, तेव्हाच ती सेटिंग्ज साठवली.

"इतके दिवस बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तू एवढ्या मायेने करायचीस," बाबा म्हणाले. "मला वाटलं, माझेच कान आणखी गेले."