जुनं बूड, नवं अंग

ड्रिल लावायच्या आधी शू माओझेनने वाडग्याला टिचकी मारली. आवाज बद्द आला.

चीनमधल्या जिंगदेझेन या चिनी मातीच्या भांड्यांच्या शहरात, संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत टेबलावर मिंग काळातला म्हणून मिरवलेला निळ्या नक्षीचा वाडगा पालथा होता. बुडातून चिमूटभर पूड काढायची, एवढंच शूचं काम. पूड तापवून प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञ निंगबाई भाजणीचं वय काढणार होत्या.

"थांबलात का?" संग्रहालयाचे संचालक तान करवादले.

"पूड जुनीच निघेल, साहेब. पण बूड आणि अंग एका वाडग्याचं वाटत नाही."

"मावशी, तुम्ही भोकं पाडा. परीक्षा करायला बाई आहेत."

शूने तीस वर्षं कच्ची भांडी खरवडून पातळ केली होती. कारखाना बंद पडल्यावर, हात स्थिर म्हणून तिला इथे घेतलं होतं. तिने वाडग्याच्या अंगावरून बोटं फिरवली. बुडापासून दोन बोटं वर किंचित जाड लागलं. तिथे भांडं फाटेल या भीतीने ती नेहमी हात आखडता घ्यायची. उस्ताद त्यावरूनच शिव्या घालायचे.

हा तिचाच हात होता. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं?

"बाई, निळ्या रंगावर क्ष-किरण टाकून बघा," ती म्हणाली.

यंत्र घरघरत राहिलं. तान येरझाऱ्या घालत होते. निंगबाईंनी पडद्यावरचे आकडे दोनदा वाचले.

"लोह नाही, मँगनीजही नाही. जुन्या निळ्यात दोन्हीतलं एक तरी भरपूर असतं. हा रंग कारखान्यात शुद्ध केलेला आहे."

"मग हे केलं कुणी?" तान ओरडले.

शूने ड्रिल बाजूला ठेवलं. "अंग मी खरवडलंय. सत्याऐंशी साली. आम्ही नक्कल म्हणूनच विकायचो, खाली शिक्का मारून. तो कापून कुणीतरी जुन्या फुटक्या वाडग्याचं बूड चिकटवलंय."

"म्हणजे तुम्ही नकली माल खपवणाऱ्या टोळीतल्या!"

"पोलिसांना बोलवा. मी कुठे पळत नाही."

पोलिसांनी चार वेळा बोलावलं. गल्लीतल्या बायका तिला बघून दार लावून घेऊ लागल्या. अखेर कारखान्याच्या जुन्या गोदामात शिक्क्यासकट त्याच घडणीचा वाडगा सापडला, आणि तिच्यावरचा संशय फिटला.

दोन महिन्यांनी तान स्वतः आले. वाडगा आता नकली म्हणूनच मांडणार होते. पाटीचा मजकूर त्यांनी पुढे केला. 'बनवणारी: शू माओझेन.'

"हे चूक आहे," शू म्हणाली. "चाकावर घडवणारे आमचे झान दादा होते. मी फक्त खरवडलं. दोघांची नावं घाला."

तान यांनी खिशातून पेन काढलं.