देवघरातली हिरवी लादी

शेवगाव तालुक्यात आमोस मिस्त्रीइतका भित्रा गवंडी दुसरा झाला नाही. परांचीवर चढताना तो एकदा प्रभूचं नाव घ्यायचा आणि उतरताना दोनदा. मारक्या बैलाला भ्यायचा, तार घेऊन येणाऱ्या पोस्टमनला त्याहून जास्त, आणि बायकोला, म्हणजे मरियाला, किती भ्यायचा ते ती असताना बोलायचीसुद्धा सोय नव्हती. लोक म्हणायचे, आमोसनं बसवलेली शहाबादी फरशी हलत नाही. हलली तर काय होईल या धास्तीनं तो एकेक फरशी चारचारदा ठोकून बघतो, मग कशी हलेल?

असल्या माणसानं आयुष्यात एकदाच अर्धी गोष्ट गिळली, आणि ती पाच महिने त्याच्या घशात अडकून बसली.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. भिमाजीरावांनी मळ्यात बंगला काढला होता. ऊस बरा झाला होता आणि मुंबईत कुण्या व्यापाऱ्याच्या घरी पाहुणचार घेऊन आल्यापासून शहाबादी फरशी त्यांच्या पायाला टोचू लागली होती. दिवाणखान्यात पांढरा संगमरवर घालायचा ठरला, आणि देवघरातल्या चौथऱ्यावर ऑनिक्सची हिरवी लादी. तिच्यात मधाच्या रंगाच्या शिरा होत्या. चौथऱ्याला मागून हात जाईल एवढी पोकळी त्यांनी मुद्दाम ठेवायला लावली. तिथं बॅटरी धरली की लादी आतून पेटल्यासारखी दिसायची. आल्यागेल्याला चहाच्या आधी बॅटरी दाखवली जायची.

काम देताना त्यांनी आमोसला विचारलं होतं, संगमरवर कधी हाताळलाय का. आमोस म्हणाला, दहा वर्षं, नगरला, मिशनच्या कामावर. यातलं अक्षरही खोटं नव्हतं. भिमाजीरावांनी मनाशी चर्च धरलं आणि चर्चची फरशी बसवणारा मिस्त्री मिळाला म्हणून गावभर सांगत सुटले. आमोस गप्प राहिला. चर्चमधला एक दगडसुद्धा त्यानं बसवलेला नव्हता. त्याचा चुलता मिशनच्या कबरस्तानात थडग्यांवर नावं कोरायचा, आणि आमोस पोरवयापासून तिथं थडगी घोटत बसायचा. त्याची सगळी विद्या ती तेवढी.

मरियानं त्याच दिवशी भाकरी थापता थापता विचारलं, "कबरीचं बोललात का?"

"त्यांनी इचारलं न्हाई."

"इचारतील की. नेमकं देव बसवायच्या दिवशी इचारतील."

बाईनं गंमत केली होती, पण आमोसचा घास तोंडातच फिरत राहिला. थडगी घोटलेल्या हातांनी देवाचा चौथरा केला हे कळलं, तर भिमाजीराव लादी उखडून विहिरीत टाकतील आणि शेवगावापासून पाथर्डीपर्यंत आपल्याला कुणी चूल बांधायलाही बोलावणार नाही, अशी त्याची खात्री होती.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी सकाळी गुरुजींनी देवघर गोमूत्र शिंपडून शुद्ध केलं. आता आत फक्त घरच्यांनी जायचं. भिमाजीराव मांडवाचं सामान आणि दोन बडे पाहुणे आणायला जीप घेऊन शेवगावला गेले, दिवेलागणीपर्यंत येणार होते. दुपारी आमोस पायरीची फट भरायला आला. काम झालं तसा जाता जाता उंबऱ्याबाहेरून त्यानं लादीकडे एक नजर टाकली, आणि त्याच्या हातातली थापी खाली पडली.

लादी आंधळी झाली होती. मधोमध ताटाएवढा भाग पांढुरका पडला होता, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखा.

आमोसच्या मनात नाही नाही ते आलं. आपलाच माल वाईट निघाला, सिमेंटचा क्षार वर आला, नाहीतर वरच्यानं आपलं मौन बघून शिक्षा दिली. दिवेलागणीला पाहुणे येणार, आल्या आल्या बॅटरी लागणार. त्याला आत पाऊल टाकता येईना आणि पळून जायला पायही उचलेना.

एवढ्यात दाराआडून हुंदका आला. भिमाजीरावांच्या आई, राहीबाई, पितळेचे देव पदरात घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. जिच्या आवाजानं गडी वैरण टाकून उभे राहायचे, ती बाई कोकरासारखी थरथरत होती. देव सोन्यासारखे लखलखत होते. आणि मग आमोसला वास आला. आंबटढाण.

"थोरल्या बाई," तो हळूच म्हणाला, "चिंच लावली का?"

राहीबाईंनी मान डोलावली. देव चिंचेनं घासले, ते छान निघाले. लादीवर हळदीचा डाग पडला होता, म्हणून उरलेली चिंच तिच्यावरही चोळली आणि जरा भिजू दिली. पितळेला चालते ती दगडाला का चालू नये, असं त्यांना वाटलं. "भिमाला सांगू नगं," त्या म्हणाल्या. "जीव हाय त्याचा त्या दगडात. पाव्हण्यांम्होरं मला काय बोलंल, ते ऐकायच्या आधी मी मेलेली बरी."

आमोस बोलून गेला, "निघंल ते. चिंचेनं संगमरवर असाच मरतो, आन हा तर त्याच्याहून नाजूक. आमच्या तिथं वर झाड हुतं, पावसात चिंचा पडून भिजल्या की दगडावर असंच व्हायचं. मीच घोटून काढायचो."

"तिथं म्हंजी? चर्चात झाड कसलं?"

उन्हं कलायला लागली होती. खोटं रचायला जी हुशारी लागते ती त्याच्याकडे कधीच नव्हती.

"कबरस्तानात," तो म्हणाला. "मी थडगी घोटायचो, बाई. चर्चचं मालकांनी मनानं धरलं."

राहीबाईंनी पदरातल्या देवांकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे. भिंतीवर पाल चुकचुकली तसा आमोस दचकला.

"त्या मेलेल्यांनी कवा तक्रार केली का तुझी?"

"न्हाई."

"मग आमचे देवबी करायचे न्हाईत. ये आत."

"गुरुजींनी शुद्ध केलंय, बाई."

"गोमूत्राचा तांब्या भरलेला हाय. तू गेल्यावर शिंपडते परत."

"लादीवर नका शिंपडू," आमोस कळवळून म्हणाला. "नुसतं पानी."

दोन तास तो गुडघ्यावर बसून घोटत होता. आधी कुरुंदाचा दगड, मग त्याहून बारीक, मग पॉलिशची पूड आणि ओलं गोणपाट. राहीबाई पाणी ओतत होत्या आणि रस्त्याकडे कान लावून होत्या. जीपचा आवाज आला तेव्हा आमोस मागच्या दारानं बाहेर पडत होता.

बॅटरी लागली. लादी पेटली. पाहुणे वा म्हणाले. आमोस गोठ्याआड हाताचा चावा घेऊन उभा होता.

दुसऱ्या दिवशी पंगतीत भिमाजीरावांनी त्याला चारचौघांत नावाजलं, आणि त्याच भरात वडिलांची समाधीही संगमरवरात करायचा बेत सांगितला. त्यासाठी मुंबईचा कारागीर आणणार होते.

"मुंबईचा कशाला?" वाढता वाढता राहीबाई म्हणाल्या. "आमोस करंल."

"आई, त्याला समाधीतलं काय कळतं?"

आमोसच्या हातातली बुंदी पत्रावळीवर सांडली. राहीबाईंनी त्याच्याकडे बघत आणखी एक पळी वाढली.

"लई कळतं," त्या म्हणाल्या. "मी इचारलंय त्याला."

पुढं महिन्याभरानं भिमाजीराव त्याला जागा दाखवायला घेऊन गेले. बांधावर गार सावली होती, वर जुनं चिंचेचं झाड. जन्मात पहिल्यांदा आमोस मालकाला नाही म्हणाला. समाधी झाडाखालून बाहेर घ्या, उन्हात. भिमाजीराव भुवया चढवून का म्हणून विचारणार, तोच राहीबाई पुढं झाल्या आणि सावलीपासून लांब, भर उन्हात जाऊन उभ्या राहिल्या.

"इथं कर," त्या म्हणाल्या. "त्यांना ऊनच आवडायचं."