क्लीटचा मासा

ओडेल प्रुएटच्या बुडाखाली निखारे होते म्हणा ना! अर्कान्सासच्या डोंगरांतल्या त्या खोल धरणावर लोकांना बास जातीचे मासे पकडायला नेण्यात त्याचा जन्म गेला, पण बोट कधी एका जागी धड उभी केली असेल तर शपथ. वसंतात मासे काठच्या खडीवर अंडी घालायला येतात, तिथे हा दोनदा गळ टाकणार की निघाला. उन्हाळ्यात ते बुडालेल्या सिडार झाडांच्या शेंड्यांत दडतात, पानगळीत ओढ्यांच्या तोंडाशी बारीक मासळीमागे धावतात, थंडीत पार तळाशी जातात. आणि पाणी इतकं नितळ, की खालचं एक झाड दिसलं की ह्याला पुढचं खुणावायचं.

गिऱ्हाइकांना मौज वाटायची. वैतागायचा तो क्लीट हॅस्क्यू, त्याच्या बहिणीचा, वॉनिटाचा नवरा. लाकूड गिरणीत राबून क्लीटला जो काही रविवार मिळे, तो ओडेलच्या बोटीत जाई. आठ पौंडी बास एकदा तरी आपल्या हाताने पकडायचा, एवढंच त्याचं मागणं. जागा जमली असं वाटेपर्यंत ओडेल इंजिन सुरू करायचा. तरुणपणापासून हेच.

त्या हिवाळ्यात क्लीटच्या फुप्फुसांनी हात टेकले. वॉनिटा भावाला म्हणाली, "डॉक्टर म्हणतो, उन्हाळा काही दिसत नाही. एकदा घेऊन जा त्याला. आणि ओडेल, देवाशपथ सांगते, बूड टेकून बस!"

तर निघाले दोघं, ऑक्सिजनची नळकांडी घेऊन. जुना रस्ता जिथे पाण्याखाली वळतो, तिथे क्लीटने बोट बुंध्याला बांधायला लावली आणि हात पुढे केला. "इंजिनची किल्ली दे."

"कशाला?"

"तुला ओळखतो म्हणून."

ओडेलने किल्ली दिली, ती क्लीटच्या खिशात गेली. क्लीटने आमिषाचा जड लोखंडी चमचा, टोकाला गळ असलेला, तळाशी सोडला आणि हळूहळू वरखाली करू लागला. काही लागेना. ओडेलने तंबाखू चघळली, बिस्किटं खाल्ली, डब्यातले सगळे गळ नीट लावून पुन्हा विस्कटले.

"त्या कड्याखाली बघू या का?"

"गप बैस रे."

उन्हाची ऊब लागून क्लीटला डुलकी आली. रॉड मांडीवर, बोटं सैल. आणि तेवढ्यात टोक खाली वाकलं, रॉड सरकला, पाण्यात निघाला!

ओडेलने झडप घातली. रॉड वाचवला, तिथवर ठीकच होतं. क्लीटला हलवून त्याच्या हातात द्यायचा, की झालं. पण मेल्या हाताने सवयीने वर झटका दिला आणि गळ रुतवला.

"क्लीट! ऊठ! घे, धर, तुझा आहे!"

क्लीटने डोळे उघडले. वाकलेला रॉड पाहिला, ओडेलचे हात पाहिले. "गळ कुणी रुतवला?"

"रॉड तुझा आहे!"

"झटका तुझा." त्या पाण्यावर ज्याने गळ रुतवला त्याचा मासा; आयता रॉड हातात देतात तो पोराटोरांना. "मी काय पाच वर्षांचा आहे होय? ओढ आता, सुटेल."

ओडेल रडवेला होऊन ओढत राहिला. हा मासा सुटावा, असं आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं. सुटला नाही. क्लीट धापा टाकत गुडघ्यांवर आला आणि त्यानेच खाली जाळी लावली. काट्यावर आठ पौंडांच्या वर भरली. अंड्यांनी टच्च मादी.

"देखणी आहे," क्लीटने तिच्या पाठीवरून बोट फिरवलं. "सोड लवकर."

ती खाली गेली. कितीतरी वेळ दिसत होती.

"घरी सांगू, तूच पकडलीस," ओडेल म्हणाला. "कोण विचारतंय?"

"वॉनिटा विचारेल. खोटं बोललो तर तिला लगेच कळतं."

"मग शिव्या तरी घाल ना मला!"

"तेवढा श्वास नाही रे," क्लीट म्हणाला. नाकातली नळी सारखी करून त्याने चमचा पुन्हा खाली सोडला. "अजून ऊन आहे. बस."

ओडेल बसला. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, रॉडच्या टोकाकडे बघत, मनातल्या मनात देवाच्या विनवण्या करत. कुठे जायचंही सुचवलं नाही. ऊन डोंगरामागे जाईपर्यंत दोघं तसेच होते. टोक पुन्हा काही हललं नाही.