आमवाताची तोंडी परीक्षा

शाळेत मी सातवीपर्यंत शिकले, पण एकाही परीक्षेने माझी मान कधी ताठ होऊ दिली नाही. आयुष्यात एकच परीक्षा मी अशी दिली, की तिची आठवण झाली तर आजही मी स्वतःवर खूश होते. ती भोरच्या दवाखान्यात झाली, तोंडी झाली आणि विषय होता माझं स्वतःचं दुखणं.

सत्तर साल उलटून गेलं होतं. माझं माहेर सारोळ्याचं, नीरेच्या पुलाजवळ, हमरस्त्यावर. सासर मात्र हिर्डोशीच्या अंगाला डोंगरात. मुलगा झाला आणि तो रांगायला लागायच्या आत माझे हात धरले. सकाळी उठले की बोटं मिटायची नाहीत. नाचणीचं पीठ मळायचं तर मूठ वळायची नाही. मनगटं सुजून गरम लागायची. दुपारपर्यंत हात जरा सैल व्हायचे, मी कामाला लागायचे आणि मग सासूबाई म्हणायच्या, "आता बरं दुकत न्हाई?" सकाळी आजारी आणि दुपारी धडधाकट, असला रोग त्यांनी पाहिलेला नव्हता. त्यांना ते सोंग वाटायचं. मला रडू यायचं आणि रागही यायचा, पण खरं सांगायचं तर राग जास्त यायचा.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. मनाने वाईट नव्हत्या. पण सगळ्या घरादाराचं बोलणं आपणच उरकायचं, हा त्यांचा स्वभाव. दारात तलाठी आला तरी मामंजींच्या आधी त्या बोलायच्या. माझे मालक पुण्यात कामाला. ते महिन्याकाठी यायचे आणि आईपुढे ब्र काढायचे नाहीत. दवाखान्यात मला कुणी "काय होतंय?" विचारलं, की माझं तोंड उघडेपर्यंत आत्याबाईंचं सांगून झालेलं असायचं. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, किती दुखतं, सगळं त्यांना ठाऊक. दुखायचं मात्र मला.

पुण्याहून एक डॉक्टरबाई बाजाराच्या दिवशी भोरला यायच्या. सांधे धरलेली माणसं त्या तपासायच्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा नशिबाने आत्याबाई बाजारात मिरच्या बघायला गेल्या होत्या. म्हणून बाई माझ्याशी बोलल्या आणि मी बाईंशी. हा आमवात, त्यांनी सांगितलं. थंड खाल्ल्याने झालेला नाही, कुणी केलेला नाही, मुलाला लागणारा नाही. ॲस्पिरिनच्या गोळ्या दिवसातून तीनदा घ्यायच्या. मी खोदून खोदून विचारलं आणि त्यांनी न कंटाळता सांगितलं. माझ्या दुखण्याबद्दल माझ्याशी कुणीतरी बोलत होतं, ह्याचंच मला केवढं अप्रूप वाटलं!

गोळ्या आठवड्याच्याच मिळायच्या. पण पावसाळा तोंडावर आला. आमच्याकडे एकदा पाऊस लागला की एसटी अलीकडेच थांबते आणि पुढे चिखल तुडवत चालायचं. दर आठवड्याला भोर गाठणं कुणाला जमणार? लोक बाईंच्या मागे लागले, पावसाळाभराच्या गोळ्या एकदम द्या म्हणून. बाई घाबरत होत्या. वेल्ह्याकडच्या एका म्हाताऱ्याने दुखणं वाढलं म्हणून अख्खं पुडकं दोन-तीन दिवसांत संपवलं होतं. पोटात रक्त सुटलं, माणसांनी डोली करून आणला, कसाबसा वाचला. तेव्हा बाईंनी जाहीर केलं, की आपला रोग काय आणि गोळी कशी घ्यायची हे ज्याला नीट सांगता येईल, त्यालाच सगळा पावसाळा पुरेल एवढं औषध मिळेल. बाकीच्यांनी दर आठवड्याला यायचं.

त्या दिवशी सकाळी एसटीत आत्याबाईंनी मला खिडकीची जागा दिली आणि सांगितलं, "आज बाईला सोक्षमोक्ष इचारते. रोग जानार आसंल तर ठीक. जानार नसंल तर मला लावनीला मानसं पायजेत. तुला ष्टँडावरनंच सारोळ्याच्या गाडीत बसवते. पोरगं हितंच ऱ्हाईल."

मी खिडकीबाहेर बघत बसले. माहेरी धाडलेली बाई परत येत नाही, हे मला माहीत होतं. आणि मुलाने नुकतं कुठे पाऊल टाकलं होतं. हात दुखत होते की नाही, ते त्या वाटेवर मला कळलंच नाही.

दवाखान्याच्या ओसरीत लांबलचक बाक होता. त्यावर सगळे सांधेवाले दाटीवाटीने बसलेले. एकेक जण आत जायचा, बाहेर यायचा, आणि आला रे आला की बाकावरून प्रश्न सुटायचा, "काय काय इचारलं?" तो बिचारा प्रश्न तर सांगायचाच, वर आपण दिलेली उत्तरंही सांगायचा. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आपल्याला कळलं ते दुसऱ्याला सांगू नये, हा कसला माणूसपणा? त्यात आमच्या आत्याबाई पुढाकाराला. आलेल्याला पाणी द्यायच्या, उत्तरं काढून घ्यायच्या आणि नव्या माणसाला पढवायच्या. थोड्याच वेळात सगळा बाक एका सुरात पाठ म्हणायला लागला. गोळी कधी? भाकर खाऊन. दुखायचं थांबलं तर? तरी घ्यायची. आणि शेवटचा प्रश्न, हा रोग पुरता बरा होईल का? होईल की, देवाच्या दयेनं अन् तुमच्या हातगुणानं!

हे शेवटचं उत्तर तर सगळ्यांना फारच आवडलं होतं. डॉक्टरीण खूश होईल, असा हिशोब. हातात पुडकं आठवड्याचंच पडत होतं, पण उरलेलं मागाहून मिळेल, अशी सगळ्यांची समजूत होती. मी मनात म्हटलं, मेले सगळे!

कारण बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की हा जाणारा रोग नाही. म्हणजे खरं बोलले तर गोळ्या मिळतील आणि मूल जाईल. खोटं बोलले आणि बाईंनी बाकीच्यांसारखं माझंही खोडलं नाही, तर मूल राहील, पण गोळ्यांवाचून ते उचलून घ्यायला हात राहणार नाहीत. बाकावर बसून मी एवढंच घोकत होते आणि काही केल्या सुटका दिसत नव्हती.

माझी पाळी आली. आत्याबाईही आत आल्या, खुर्चीवर ऐसपैस बसल्या.

"गोळी कधी घेता?" बाईंनी मला विचारलं.

"भाकर खाऊन घेती," आत्याबाई.

"मावशी, तिला बोलू द्या."

"ती काय बोलनार? म्या हाय की."

"दुखणं तिचं आहे. तुम्ही बसा, पण तोंड मिटून बसा."

आत्याबाईंना असं बोललेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांचं तोंड मिटलं ते आश्चर्यानेच. मग मी बोलायला लागले. कानात घूं घूं वाजायला लागलं तर गोळ्या जास्त झाल्या, कमी करून दाखवायला यायचं. शौचाला काळं झालं तर गोळी त्याच क्षणी बंद आणि तडक दवाखाना. सकाळी गरम पाण्यात हात बुडवून बोटं हलवायची. सूज असेल तेव्हा जड उचलायचं नाही, पण हात नुसते मांडीवर ठेवून बसायचंही नाही. बाई मान हलवत होत्या. मला चेव चढला.

"सोमवारी उपास करता ना? मग त्या दिवशी सकाळ-दुपारच्या गोळ्या?" बाईंनी मधेच विचारलं.

हा प्रश्न बाकावर कुणी सांगितला नव्हता. आमच्या घरात सोमवारी दिवस मावळल्याशिवाय कुणी तोंडात काही घालत नसे. उपाशी पोटी गोळी घेतली तर पोट जळणार, न घेतली तर मंगळवारी हात धरणार. मी आत्याबाईंकडे बघितलं नाही.

"मी दोन्ही वेळा गोठ्यात जाऊन मूठभर शेंगदाणे आणि गूळ खाते, मग गोळी घेते."

खुर्ची करकरली. आता जे व्हायचं ते होणारच होतं. चोरून खाल्लेलं सांगून टाकल्यावर माझी भीती कुठे गेली कोण जाणे. बाईंनी शेवटचा प्रश्न विचारला, हा रोग पुरता बरा होईल का?

"न्हाई," मी म्हटलं. शाळेतलं मराठी सोडून माझ्या तोंडात घरचं आलं. "ह्यो जायचा न्हाई. जलमभर ऱ्हाईल. पर गोळी चुकवली न्हाई, हात चालते ठेवले, तर म्या भाकरी करीन, लावनी करीन, पोराला उचलून घीन. घरात बसवली न् औषिद तोडलं, तर बोटं वाकडी व्हतील. आत्याबाई, आता काय करायचं त्ये करा."

बाई उठून उभ्या राहिल्या. "सकाळपासून सगळ्यांनी मला खूश केलं," त्या म्हणाल्या. "खरं उत्तर हे पहिलंच." आणि त्यांनी कपाटातून पावसाळाभराच्या गोळ्या काढून माझ्या ओंजळीत दिल्या. शाळेत बक्षीस म्हणून मला साधी पेन्सिलही कधी मिळाली नव्हती.

बाहेर येताच बाक आत्याबाईंवर तुटून पडला. "काय इचारलं? काय सांगितलं?"

आत्याबाईंनी पदर खोचला. मग खेकसल्या, "रोग बरा व्हत न्हाई म्हनून सांगा. संबाळायचा आसतोय. आन् पाठ केल्यालं बोलू नका, जे करताय त्ये सांगा. माझी सून पास झाली आत!"

स्टँडवर आम्ही दोघी बसलो. सारोळ्याकडे जाणारी गाडी लागली. कंडक्टर ओरडत होता, माणसं चढत होती. मी पुडकं पोटाशी धरून आत्याबाईंच्या पायांकडे बघत होते, ते उठतात का म्हणून. गाडी भरली. घंटी झाली. गाडी गेली, धुरळा खाली बसला, तरी आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत.

मग त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सोमवारी गोठ्यात कशाला बसतीस? चुलीपाशी बसून खात जा. म्या देत जाईन."