उलटं जॅकेट

"बाइकवरून गेले का?"

डॅडी गेल्याचं कळवायला फोन केला की समोरून पहिला प्रश्न हाच. पुण्याच्या मावश्या, आईच्या बँकेतल्या मैत्रिणी, इथले, सिंगापूरच्या बुकित पंजांगमधल्या आमच्या ब्लॉकचे शेजारी, सगळ्यांचा एकच. नाही हो, बाइकवरून नाही. रविवारी सकाळी ते समुद्रकाठी ईस्ट कोस्टला गेले, बाइक रेषेच्या आत नीट लावली, तिथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये कोपी, म्हणजे इथली कॉफी, मागवली आणि खुर्चीत बसल्या बसल्या हृदय थांबलं. खुर्चीला कुणी दोष देत नाही. मोठ्या मावशीने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तरी मी तेव्हाच म्हटलं होतं, ती गाडी काढून टाका म्हणून." आता हिला काय सांगायचं, कपाळ?

डॅडी जमैकाचे. जहाजावर इंजिनिअर म्हणून फिरत फिरत सिंगापूरला उतरले, पुण्याहून इथे नोकरीला आलेल्या आईच्या प्रेमात पडले आणि राहिले. देह सहा फूट दोन इंच, बाइक मात्र कायम लहान, दोनशे सीसीची. त्यावर बसले की गुडघे दोन्हीकडे बाहेर. मोठी घ्या म्हटलं तर म्हणायचे, लहान इंजिन कुठे दुखतंय ते लगेच सांगतं. त्या इंजिनाचं सगळं त्यांना कळायचं. टायरमधली हवा रोज तपासायचे. आणि दवाखान्यातून आलेली स्वतःच्या तपासणीची तीन पत्रं फ्रिजवर चुंबकाखाली, एकही न फोडलेलं. मला रडू नंतर आलं, आधी त्या पाकिटांचा संताप आला. अजूनही येतो.

इथले बाइकवाले जॅकेट उलटं घालतात. पुढची बाजू पाठीला, म्हणजे वारा आणि ऊन छातीवर येत नाही. डॅडीही तसंच घालायचे आणि आईला ते कधीच पटलं नाही. चारचौघांत वेड्यासारखं दिसतं म्हणायची. दर रविवारी चौथ्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमधून खाली वाकून ओरडायची, "अहो, जॅकेट उलटं घातलंय!" डॅडी वर बघून सगळ्या कार पार्कला ऐकू जाईल असं उत्तर द्यायचे, "असंच घालतात!" त्यांना आलेलं एकमेव पूर्ण मराठी वाक्य. मग आई पुटपुटत आत. ती त्या बाइकवर एकदाही बसली नाही.

तर ते गेले, आणि घरात दोन देशांचे रिवाज एकमेकांसमोर उभे राहिले. आईने पलंगाशेजारी दिवा लावला. तो विझू द्यायचा नाही, गेलेल्या माणसाला वाट दिसायला हवी. जमैकाहून व्हिडिओ कॉलवर आत्या, डॅडींची थोरली बहीण. त्यांच्याकडे नवव्या दिवशी खोलीतलं सामान हलवतात, गादी उलटी करतात. का, तर गेलेला माणूस परत आला तर त्याला खोली ओळखू येऊ नये आणि त्याने पुढे निघावं. म्हणजे एकीने वाट दाखवायची आणि दुसरीने वाट चुकवायची! मी आत्याला म्हटलं, "अगं, त्यांना सगळं जागच्या जागी असतानासुद्धा मोजे सापडायचे नाहीत. पलंग हलवला तर मोजे शोधत बसतील, जातील कुठे?" आत्या हसली आणि लगेच रडायला लागली. मग मी पलंग ढकलायला घेतला.

मला वाटलं होतं आई भांडेल. पण ती एका हाताने दिवा सांभाळत बाजूला सरकत राहिली आणि मी पलंग खिडकीखाली, कपाट दाराशी, गादी उलटी असं करत घामाने निथळले. माझा अंगठा कपाटाखाली आला तो वेगळाच. आत्या मोबाइलमधून सूचना देत होती. सगळं झाल्यावर तिने विचारलं, "आणि बाइक? तो आधी तिच्याकडेच जाईल."

बाइक खाली कार पार्कमध्ये होती. शेजारच्या अंकलनी ती ईस्ट कोस्टहून आणून तिच्या नेहमीच्या जागेवर लावली होती. मी आत्याला म्हटलं, काळजी करू नकोस, उद्या लॉरी येतेय. इथे वाहनाला दहा वर्षांचा परवाना असतो, सीओई. तो याच महिन्यात संपत होता. घरात कुणाला बाइक चालवता येत नाही, मग ती मोडीत काढायचं मी ठरवूनही टाकलं होतं. आईला दोनदा विचारलं होतं, ती दोन्ही वेळा गप्प बसली होती. गप्प म्हणजे हो, असं मी धरलं.

"लॉरीवाल्याला नाही म्हणून कळव," आई म्हणाली.

"आई, तुला ती बाइक कधी आवडली नाही."

"नाहीच आवडली. घर हवं तेवढं फिरव. खालची जागा तेवढी त्यांना ओळखू येऊ दे."

आत्याला मराठी येत नाही. काय म्हणतेय, काय म्हणतेय, म्हणून ती विचारत राहिली. चिडून मी आईला म्हटलं, "आणि चालवणार कोण ती? नुसती उभी राहून गंजेल." आईने दिव्यात तेल घातलं आणि माझ्याकडे बघितलं. बस्स, बघितलं.

म्हणून या वयात मी बाइक शिकले. शिकवणीच्या मैदानावर एक अरुंद फळी असते, तिच्यावरून सरळ जायचं. मी तीनदा पडले. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान शिक्षक इथल्या ढंगात म्हणायचा, "आंटी, रिलॅक्स लाह." प्रत्येक वेळी उठताना मी डॅडींना मनातल्या मनात शिव्या घातल्या. मला शिकवायचं सोडून कोपी पीत बसलात ना! बाइकचा परवाना वाढवून घेतला होता, ती जागेवर होती, आणि चौथ्या प्रयत्नात एकदाची पास झाले.

मागच्या रविवारी त्यांचं जॅकेट घेऊन खाली उतरले. बाह्या बोटांच्याही खाली येत होत्या. कुणी हसू नये म्हणून सरळ घालायचं ठरवलं होतं, पण मैदानावरचा वारा छातीत बसलेला आठवला आणि पुढची बाजू पाठीला घेतली. डॅडी गेल्यापासून कॉरिडॉरमधून कुणी ओरडलं नव्हतं.

"अगं, जॅकेट उलटं घातलंयस!"

मी वर बघितलं. सगळ्या कार पार्कला ऐकू जाईल असं ओरडले, "असंच घालतात!"

आई आत गेली नाही. मी वळणापर्यंत पोचले तरी ती कठड्याशी उभी होती.